एक जास्त

वाच, तुगुलदुर, पुढे वाच.
सौरदिवा अजून तासभर टिकेल.
कुठवर आलो होतो?
हां, दरीत हेलिकॉप्टर उतरतं,
प्राध्यापकाची टोपी उडते
आणि झाडांमागून ती डरकाळी.

या कादंबरीतली जनावरं फारच ओरडतात बाबा.
पानापानाला दात.
माणूस दिसला की धावून येतात,
जणू कोट्यवधी वर्षं
आपल्याच मांसासाठी उपाशी बसली होती.
लिहिणारा कधी शेळ्यांत झोपलेला दिसत नाही.

शेवटची पानंच नाहीत म्हणतोस?
कुणी चुलीत घातली असतील.
चला, कुणाला ऊब तरी मिळाली.
शेवट मी सांगते.

तुझ्या आईला तेव्हा सहावा महिना होता.
झूड पडला होता गोबीत,
गवतावर बर्फ, बर्फावर काच,
खुरानं फोडू जावं तर खूरच फुटावं.
घोडे उभ्या उभ्या मेले
आणि उभेच राहिले.
येता-जाता आम्ही तिकडे पाहत नव्हतो.

रोज संध्याकाळी मी शेळ्या मोजायची.
मोजणं म्हणजे वजाबाकीच होती त्या दिवसांत.
दोनशे चाळीस.
दोनशे एकतीस.
दोनशे अकरा.
आणि एका रात्री
दोनशे बारा.

बोटं गारठली की आकडे चुकतात.
पुन्हा मोजल्या. दोनशे बारा.
कुत्रा भुंकला नाही.
लांडग्याचा कान तोडून आणणारा कुत्रा तो,
पोटात नाक खुपसून पडला होता,
घरात वडीलधारं कुणी आलं
की पोरं गप्प होतात तसा.

कळपाच्या मधोमध,
जिथं ऊब सगळ्यात दाट असते,
तिथं ते उभं होतं.
वासराएवढं. दोन पायांवर.
पिसं म्हणावीत तर केसांसारखी मऊ,
केस म्हणावेत तर मधे बारीक काडी.
मान मागे वळवून पंखाखाली घातलेली.
पंख कसले, हातच ते,
उडणं अजून सुचलं नव्हतं त्यांना.
शेळ्या त्याला रेलून झोपल्या होत्या.
पोटाखाली तीन करडं.

माझ्या हातात काठी होती.
तुझ्या पुस्तकात इथं बंदूक असती,
आणि प्रकरण संपलं असतं.
मी काठी दाराशी टेकवली
आणि वहीत लिहिलं, दोनशे बारा.

नऊ रात्री.
नऊ रात्रींत एक करडू मेलं नाही.
दहाव्या रात्री दोनशे अकरा,
आणि सकाळी बर्फावर तीन-तीन बोटांची ओळ
लाल कड्यांकडे गेलेली.
पुढे नुसता वारा.

तेच कडे, जिथं उन्हाळ्यात ते लोक येतात,
कुंच्यांनी माती झाडतात,
हाडांना प्लास्टर बांधतात,
जणू महिन्याभरात जुळून येतील.
त्यांचा म्होरक्या भला होता,
चहातलं मीठ चालायचं त्याला.
विचारायचा, न्यामसुरेनबाई, इथं कधी काही
वेगळं दिसलं का?
मी म्हणायची, शेळ्या आहेत बाबा. मोजून बघा.
तो हसायचा. एकदाही मोजल्या नाहीत त्यानं.

वसंतात लोकर विंचरली
तेव्हा एका म्हाताऱ्या शेळीच्या पाठीवरून
फणीत चार-सहा धागे आले,
राखाडी, टोकाशी तांबूस.
ओढले, तुटेनात.
काढून ठेवावेत असं मनात होतं.
पण व्यापारी घाईत, काटा टांगलेला,
तुझी आई आत कळा देत होती,
सगळंच पोत्यात गेलं.
वजनात पकडलं असेल त्यानं.
असेल आता कुठल्याशा शहरात
कुणाच्या तरी गळ्याभोवती.

बाहेर वारा वाढलाय.
पुस्तक मिटव, शेळ्या मोजून ये.
एक कमी भरली तर मला उठव.
जास्त भरली
तर उठवू नकोस.
काठी दाराशी ठेव, आकडा वहीत लिही,
आणि कुत्र्याला
काही बोलू नकोस.